चिकूची सोबत

बाय, आधी रडणं थांबव. काल रात्री फोनवर तुला हुंदका आवरत नव्हता म्हणून मी फार बोलले नाही. आज नीट ऐक. दार लावून घे, जमिनीवर बस आणि चिकूला पुढ्यात घे. तिच्या पाठीवरचे, मानेवरचे, मांड्यांवरचे केस उलट्या दिशेने फुंकर मारत बघ, बोटांनी हलकेच चाचपून बघ. सशाचं कातडं फार पातळ असतं आणि वरचे केस इतके दाट की जखम दोन-दोन दिवस दिसत नाही. दिसते तेव्हा आत पू धरलेला असतो. चिकूचं झालं की त्या नव्या सशाचंही असंच बघ. कानांच्या कडा, नाक, पापण्या आणि पोटाखालची शेपटीजवळची नाजूक जागा विसरू नकोस. भांडणात ससे तिथेच चावतात.

लादीवर पडलेले केसांचे पुंजके पाहून घाबरलीस ना? केस उपटले गेले म्हणजे चावा बसलाच असं नाही. पण रक्ताचा ठिपका जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायचं, उद्यावर टाकायचं नाही. श्रावणातली ही दमट हवा वाईट. माशी जखमेवर बसली की दिवसाभरात अळ्या पडतात. घरातली कुठली मलमं लावू नकोस आणि आपल्यासाठी आणलेल्या गोळ्या तर मुळीच देऊ नकोस. अमॉक्सिसिलिन आपण सर्दी-खोकल्याला सहज घेतो, पण ते तोंडावाटे सशाच्या पोटात गेलं तर तिथले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या मानेवर पिसवांसाठी जे फिप्रोनिल सोडतात, तेही सशाला विष आहे. शेजारच्या काकूंनी मायेने दिलं तरी घेऊ नकोस.

दुसरं म्हणजे, दोघं खातायत का ते बघ. ट्रेमध्ये लेंड्या पडतायत का, नेहमीएवढ्याच मोठ्या आहेत का? घाबरलेला ससा खाणं सोडतो आणि खाणं सोडलं की त्याचं आतडं थांबतं. दहा-बारा तास तोंडात काडी गेली नाही किंवा लेंडी पडली नाही, तर ते भांडणापेक्षा मोठं संकट समज. मग मला विचारण्यातही वेळ घालवू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

हे झालं? मग आता चहा घे आणि बाकीचं ऐक.

चिकू दुष्ट झाली, एवढ्या लाडात वाढवून कशी वागली, असं काल तू तीन वेळा म्हणालीस. ते मला लागलं गं. दोन वर्षं ती द्रोणागिरीतल्या त्या घरात एकटी राहतेय. सोफ्याच्या पायाला, कपाटाच्या कोपऱ्याला, तुझ्या चपलेला ती हनुवटी घासत फिरते, ते तू पाहिलं आहेस. सशाच्या हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते. आपल्याला तो वास येत नाही, पण तिच्या लेखी त्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लिहिलेलं आहे. तुझ्या चपलेवर, म्हणजे तुझ्यावरसुद्धा. आणि एका संध्याकाळी तू एक अनोळखी नर आणून थेट तिच्या जाळीत, तिच्या गवतावर ठेवलास. आपण नव्या सुनेला माप ओलांडायला लावून घरात घेतो, ओवाळतो, सगळे दारात उभे असतात. सशांच्या जगात उंबरठाच सगळ्यात वाईट जागा. तिथे कुणी कुणाला ओवाळत नाही. तिथे घराची राखण होते.

तुला दोष देत नाही. मीही हेच केलं होतं, तुझ्याहून वाईट केलं होतं. शिंपली माझ्याकडे वर्षभर होती. मग बोंबील आला, इतका लांबुडका आणि पांढुरका की दुसरं नाव सुचलंच नाही. मला वाटलं, दोन मुकी जनावरं, एकमेकांना बिलगतील. मी त्याला तिच्या पिंजऱ्यात सोडलं आणि दूध उतू जातंय का बघायला आत गेले. परत आले तर दोघं चक्रीसारखे गरगर फिरत होते, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीशी, आणि केस उडत होते. मी मधे उघडा हात घातला. अंगठ्याखालची ती खूण तुला माहीत आहे, तू विचारलं होतंस तेव्हा मी विळी लागली म्हणून सांगितलं होतं. बोंबिलाच्या कानाचा एक तुकडा गेला. तो कान आजही तसाच आहे आणि त्याला कुरवाळताना माझं बोट रोज तिथे अडतं.

म्हणून सांगते. आज, आत्तापासून दोघं वेगळ्या खोल्यांत. एकमेकांना दिसायलासुद्धा नकोत. पंधरा दिवस तरी. तो नवा कुणाकडून आला, काय खात होता, अंगावर खरूज आहे का, कानात किडे आहेत का, नाक वाहतंय का, हे कळायला तेवढे दिवस लागतात. आधी चिकूला चारा घाल, मग त्याला. हात धुऊन परत तिच्याकडे जा.

काल आईने तुला सांगितलं ना, की ससा एकटाच बरा, डोंगरातला ससा कुठे जोडीने फिरतो? आई खोटं सांगत नाही. कर्नाळ्याच्या, चिरनेरच्या बाजूला जो ससा दिसतो तो खरंच एकटा असतो. बीळ करत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतानाच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात. पण तो वेगळा प्राणी आहे बाय. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिलं, त्यामुळे घोटाळा होतो. चिकू, शिंपली, दुकानातून येणारे हे सगळे पांढरे, करडे, तपकिरी ससे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या सशाचे वंशज. तो जमिनीखाली बिळांचं गाव करून राहतो, कळपाने. त्याची पिल्लं उघडी-नागडी, मिटल्या डोळ्यांची जन्मतात आणि बिळाच्या उबेत वाढतात. त्याला एकमेकांचे कान चाटून घ्यायचे असतात, एकाने चरताना दुसऱ्याने कान टवकारायचे असतात. (आणि हो, डोंगरातला ससा कुणी पकडून आणून दिला तर घेऊ नकोस. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि पिंजऱ्यात तो भीतीने झुरतो.) म्हणजे तुला चिकूसाठी सोबत आणावीशी वाटली ते बरोबरच होतं. तू सकाळी आठला निघतेस, संध्याकाळी सातला येतेस. अकरा तास ती भिंतीकडे बघत बसते. तुझ्या मनात जे आलं ते मायेपोटीच आलं. फक्त घाई झाली.

आता मुख्य गोष्ट सांगते, आणि ही तुला आवडणार नाही. ऑपरेशन. दोघांचंही.

चिकू मादी, तो नर. जोड्यांमध्ये ही जोडी सगळ्यात सहज जमते, पण दोघांची नसबंदी झालेली असली तरच. नाहीतर पहिल्याच भेटीत, तू पापणी मिटायच्या आत, ती गाभण राहील. सशाच्या मादीला ठरावीक दिवस लागत नाहीत, नर आला की त्यानंतरच अंडं सुटतं. महिन्याभरात पिल्लं, आणि ज्या दिवशी ती व्याली त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. मग ती दहा-बारा पिल्लं कुणाला वाटशील? तुझ्याकडे हा नवा जसा आला, तशीच ती दारोदार फिरतील. आणि पिल्लांचं सोड, चिकूचं बघ. नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं आहे. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शिंपलीच्या आधी माझ्याकडे जी होती ती कशाने गेली ते मला नंतर उमगलं. तिच्याबद्दल आज नको बोलायला.

शिवाय स्वभाव. वयात आलेला, नसबंदी न झालेला ससा म्हणजे चोवीस तास राखणीवर उभा असलेला जीव. मूत फवारणं, गुरगुरणं, तुझ्या पायाभोवती घोटाळणं, खोटं गरोदरपण येऊन अंगाचे केस उपटून घरटं करणं, हे सगळं त्यातूनच. ऑपरेशननंतर ते एका रात्रीत जात नाही. अंगातला जोर उतरायला महिना-दीड महिना जातो. आणि एका गोष्टीची तर खूणगाठ बांधून ठेव: नराची नसबंदी झाली तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. तेवढे दिवस त्याला चिकूजवळ सोडायचं नाही म्हणजे नाही.

डॉक्टर कसा निवडायचा? कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टरसुद्धा सशाचा असतोच असं नाही. फोन करून दोनच प्रश्न विचार. तुम्ही महिन्याला किती सशांची ऑपरेशनं करता? आणि आदल्या रात्री सशाला उपाशी ठेवायचं का? उपाशी ठेवा असं उत्तर आलं, तर आभार मान आणि फोन ठेव. कुत्र्याला उपाशी ठेवतात कारण भुलेत त्याला उलटी होऊ शकते. सशाला उलटी होतच नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. त्याला उपाशी ठेवलं तर आतडं थांबायचा धोका वाढतो. जाणकार डॉक्टर उलट तुला सांगेल की शुद्धीवर आल्यावर लगेच काय खायला द्यायचं ते सोबत घेऊन या, कोथिंबीर आणा, त्याचं आवडतं गवत आणा.

उरणमध्ये असा कुणी नाही मिळाला तर नवी मुंबईत विचार, नाहीतर परळ. तिथे बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आहे, १८८६ सालचं, आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालय. पूर्वी इथून परळ म्हणजे पनवेल-वाशीला वळसा घालून अर्धा दिवस. २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतू झाला, चिर्ल्याहून निघालं की शिवडीला उतरतो, तिथून परळ जवळ. पण आधी फोन, मग गाडी. पावसाळ्यात निघालीस तरी गाडीतला एसी बेताने चालव आणि पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकू नकोस, सुकं पातळ कापड टाक. दोघांना एकाच दिवशी नेलंस तरी पिंजरे वेगळे. काही लोक सांगतात की दोन सशांना एका डब्यात घालून गाडीतून फिरवा, घाबरून एकमेकांना चिकटतात, तिथून दोस्ती सुरू होते. मला ते पटत नाही. बुडणारा माणूस शेजारच्याला धरतो, त्याला काही मैत्री म्हणत नाहीत.

टाके वाळले, महिना उलटला, की मग दोघांना शेजार द्यायचा. शेजार, घर नाही. मोठ्या खोलीत दोन जाळ्या लाव, दोन्हींच्या मधे चार-पाच बोटं जागा ठेव. जाळीला जाळी चिकटवलीस तर भोकातून नाकं चावतील. सुरुवातीला चिकू जाळीवर धडका देईल, मागचा पाय आपटेल. आपटू दे. मग रोज एक काम करायचं: तिचा ट्रे त्याच्याकडे, त्याचा तिच्याकडे. तिचं अंथरूण त्याला, त्याचं तिला. ट्रे धुवायचा नाही, थोडी मुतलेली कागदं आणि मूठभर लेंड्या तशाच ठेवायच्या. तुला घाण वाटेल, पण त्यांची ओळख अशीच होते. एका हाताने तिचं कपाळ चोळ, तोच हात जाऊन त्याच्या कपाळावर फिरव. आणि जेवण एकाच वेळी, जाळीच्या दोन बाजूंना, समोरासमोर. रोज वाटी एकेक बोट पुढे सरकव.

किती दिवस? तू हा प्रश्न विचारणार हे मला माहीत आहे. ज्या दिवशी दोघं जाळीच्या आड पाठ टेकून निवांत आडवे पडलेले दिसतील, त्या दिवसापर्यंत. माझ्याकडे तीन आठवडे लागले. तुझ्याकडे दोन लागतील किंवा सात.

या दिवसांत चाऱ्याची हयगय नको. टिमोथी गवत मिळालं तर उत्तम, महाग पडतं हे मान्य. नाहीतर वाळवलेलं साधं गवत, हत्तीगवत. आपल्याकडचा भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पण पोटाला त्यात कस नाही. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज दिला तर चुना वाढतो आणि लघवीला त्रास होतो. हरळी त्यांना प्राणापलीकडे आवडते. गणपतीला दूर्वा खुडायला बसशील तेव्हा चार मुठी त्यांच्यासाठी खुड. फक्त रस्त्याकडेच्या नकोत. आपल्याकडे चोवीस तास ट्रेलर जातात, त्यांचा धूर आणि काजळी त्या गवतावर बसते. मी गच्चीत जुन्या घमेल्यांमध्ये हरळी लावली आहे, शनिवारी एक घमेलं आणते. ओलं, तापलेलं, वास मारणारं गवत मात्र फेकून दे.

आता भेटी. ही जागा अशी हवी जिथे चिकूने कधी हनुवटी घासलेली नाही. तुझं बाथरूम चालेल, पण ती त्यात कधी गेली नसेल तरच. गेली असेल तर व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन काढ. मी शिंपलीला आणि बोंबिलाला शेजारच्यांच्या ओटीवर नेलं होतं. त्यांच्याकडे रंगकाम चालू होतं, खोली रिकामी होती. गुळगुळीत लादीवर सशाचे पाय घसरतात आणि घसरणारा जीव जास्त घाबरतो, म्हणून सतरंजी अंथर. मधे एक पुठ्ठ्याचं खोकं ठेव, त्याला दोन दारं काप. एकच दार असलं तर आत गेलेला कोंडला जातो आणि भांडण तिथेच पेटतं. गवताचा मोठा ढीग, मेथी-कोथिंबीर सगळीकडे पसरून टाक. एका वाटीत नको, वाटीवरून वाद होतो.

तू स्वतः मधे बस. जाड टॉवेल मांडीवर, हातात भांडी धरायचे मोजे किंवा बागेचे जाड हातमोजे. फोन बाहेर. पहिली भेट दहा मिनिटांची.

काय दिसेल ते सांगते, म्हणजे तू दचकणार नाहीस. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढेल. नसबंदी झालेली असली तरी चढतात, मादीसुद्धा चढते. त्यातून ते ठरवतात की मान कुणाचा. पाच-दहा सेकंद असू दे, मग हलकेच उतरव. पण तोंडाकडून चढला तर लगेच उतरव, कारण खालच्याचे दात वरच्याच्या नाजूक जागेवर येतात. थोडा पाठलाग होईल, एखादा केस उपटला जाईल. हेही चालतं. कान मागे चपटे, शेपटी ताठ वर, गुरगुर, आणि दोघं एकमेकांवर नजर रोखून ताठ उभे, असं झालं की टाळी वाजव किंवा मधे टॉवेल टाक. चक्री सुरू होऊ द्यायचीच नाही. झालीच तर टॉवेल टाकून वेगळं कर, उघडा हात घालू नकोस. माझा अंगठा आठव.

आणि ज्याची ससेहोलपट चालली आहे त्याला उचलून छातीशी धरायचा मोह होईल. तो आवर. तू त्याला उचललंस की त्याने तुझा वास घेतलेला असतो, चिकूला तो तुझ्यावरचा हक्क वाटतो. त्यापेक्षा दोघांची डोकी शेजारी-शेजारी आणून एकदम दोन्ही हातांनी कुरवाळ. डोळे मिटून बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की हे दुसराच करतोय.

भेट नेहमी बरी चाललेली असताना संपव. दहा मिनिटं शांत गेली की उचल. अजून थोडं बघूया, असं म्हणत बसलीस की पंधराव्या मिनिटाला भांडण होतं आणि मग तेच त्यांच्या लक्षात राहतं. रोज एक भेट, रोज थोडी जास्त.

ओटीवर त्या दिवसांत मी बसायचे तेव्हा आजी यायची. काठी टेकून कडेला बसायची आणि बोंबिलाकडे बघत राहायची. तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असायचा. एकदा ती म्हणाली, याला अजून आपलं घर आठवतंय. तुला माहीत आहे, न्हावा शेवा बंदर झालं तेव्हा शेवा गाव उठलं. आजी तिथून नवीन शेव्याला आली तेव्हा आपली आई लग्नाची व्हायची होती. आजी सांगायची की कितीतरी महिने ती रात्री उठली की दाराच्या उलट्या बाजूला चालत जायची, जुन्या घराचं दार त्या बाजूला होतं म्हणून. हात भिंतीला लागला की मग कळायचं. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, कंटेनर आले, आणि तरी तिचे पाय जुन्या घरातच चालत होते. तिचं ते ऐकल्यावर मी बोंबिलाला घाई करणं सोडलं. तुझ्याकडचा तो नवा कुणाच्या तरी बदलीमुळे आला ना? पाच वर्षांच्या सशाला उचलून वेगळ्या घरात, वेगळ्या वासात ठेवलं आहे. आपण सगळे चिकूच्या बाजूने बोलतोय, पण त्याचंही काही हरवलं आहे. त्याच्याबरोबर जुन्या घरचं एखादं फडकं, वाटी आली असेल तर ती त्याच्या कोपऱ्यात राहू दे.

नवव्या दिवशी ओटीवर काय झालं सांगते. शिंपली बोंबिलापुढे गेली आणि डोकं खाली घालून, हनुवटी सतरंजीला टेकवून बसली. म्हणजे, माझं डोकं चाट. बोंबील हलेना. ती तशीच. मी श्वास रोखून बसले होते. अर्ध्या मिनिटाने तिने चिडून त्याला नाकाने ढोसलं आणि पुन्हा डोकं खाली. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्याने तिच्या डोळ्याजवळ एकदा जीभ लावली. एकदाच. बाय, मला त्या दिवशी जे रडू आलं ते तुझ्या कालच्या रडण्यासारखं नव्हतं. त्यानंतरही दोन दिवस पाठलाग झाला, पण मला कळलं होतं की आता जमेल.

अशा चाटाचाटीच्या, शेजारी पसरून झोपण्याच्या तीन-चार भेटी ओळीने झाल्या, तास-दोन तासांच्या झाल्या, की मग घर. पण जुनं घर नाही. जाळीची जागा बदल, सगळं धू, अंथरूण नवं, खोकं नवं. दोघांना एकदम आत सोड, म्हणजे कुणी कुणाच्या घरी आलेलं नसेल. दोन पाण्याच्या वाट्या, एक मोठा ट्रे, ज्यात दोघं बसतील. पहिले दोन दिवस आणि दोन रात्री तू त्याच खोलीत. सुट्टी काढावी लागेल. ४८ तास एकही खरं भांडण झालं नाही तरच त्यांना एकटं सोडून कामाला जा.

दिवस निवडताना घाई करू नकोस. आत्ता गौरी-गणपती येतायत, तुझ्याकडे माणसांचा राबता असेल, ढोल असतील. दिवाळीत फटाके. ऑपरेशनं आणि त्यानंतरचा महिना धरला तर तू तशीही दिवाळीपलीकडे जाशील. ३१ डिसेंबरही टाळ. रात्री बाराला बंदरातली जहाजं भोंगे देतात तेव्हा शिंपली अजूनही पाय आपटते. मला विचारशील तर संक्रांतीनंतर त्यांना एकत्र ठेव. हवा गार असते आणि सशाला तीच मानवते. तिशीच्या वर पारा गेला की त्याचा जीव कासावीस होतो, त्यात भांडण नको.

एकदा जोडी जमली की ती तोडायची नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. एकाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर दोघांना ने. एकटा जाऊन दवाखान्याचा वास घेऊन परत आलेला ससा दुसऱ्याला परका वाटतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि पुढे कधी एक गेला, तर दुसऱ्याला त्याच्याजवळ थोडा वेळ बसू दे. त्याला ते कळायला हवं, नाहीतर तो शोधत राहतो.

आणि नाहीच जमलं तर? काही जोड्या खरंच जमत नाहीत, महिनोन्‌महिने घालवूनही. तसं झालं तर त्याला परत कुणाच्या हवाली करू नकोस. दोन जाळ्या शेजारी राहू देत, कायमच्या. चार बोटांच्या अंतरावर दुसऱ्याच्या चरण्याचा आवाज येत राहणं, हेही एकट्या सशाला पुष्कळ असतं. मला वाटतं चिकूचं जमेल. ती चिडते, पण कुणाकडे पाठ फिरवून बसत नाही, हे मी पाहिलं आहे.

शनिवारी दुपारची गाडी धरते, न्हावा शेवाहून पुढचंच स्टेशन द्रोणागिरी. घमेलं आणते, माझ्याकडची जास्तीची जाळी आणते आणि बोंबिलाच्या वेळचे हातमोजेही. तोपर्यंत त्या बिचाऱ्याला काहीतरी नाव दे. काल सबंध फोनभर तू त्याला नुसतं 'तो' म्हणत होतीस.